निघालो, टेलिफोनबाई

हे रचलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय... डोळ्यांदेखत कसलं, कानांदेखत म्हणा. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

आमचा घरचा पार्सलचा धंदा. चार ऑफिसं. मुख्य ऑफिसात फोनच्या बोर्डावर मी, आणि नदीपलीकडच्या चौथ्या ऑफिसात माझा दादा.

वडिलांनी एक पद्धत घालून दिली होती. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ज्याने त्याने मला फोन करायचा. तिन्ही फोन आले की मी उठायची.

दादाचा फोन नेहमी शेवटी. आधी खुर्ची करकरायची. मग किल्ल्या वाजायच्या. मग, "निघालो, टेलिफोनबाई."

मी म्हणायची, "उपकार झाले. वहिनी वाट बघतेय, जा आता."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो फोन आलाच नाही.

दादा खुर्चीतच गेला. एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात रिसीव्हर.

वहिनीच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली. रडताना तेच म्हणायची, "निघालो म्हणायचंसुद्धा राहिलं हो त्यांचं."

चौथं ऑफिस बंद झालं. जागा मालकाला परत दिली. मग धाकट्या काकांनी फोनचं सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवलं. आता फोन इंटरनेटवरून येणार, यंत्रं त्यांच्याकडे, आमच्याकडे फक्त स्क्रीन आणि हेडफोन. माझा जुना बोर्ड भिंतीवरून उतरवला तेव्हा मला भडभडून आलं.

त्याच संध्याकाळी बाकीच्या दोन ऑफिसांचे फोन येऊन गेले. मी पर्स उचलली.

स्क्रीनवर चार नंबर उमटला.

मी हेडफोन कानाला लावला.

खुर्ची करकरली...

किल्ल्या वाजल्या...

पुढे काहीच नाही. बोलायला तोंड उघडावं आणि शब्द फुटू नये, तसा नुसता श्वास. मग फोन कट.

मी लगेच कंपनीच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तुमची तीनच ऑफिसं आहेत. चार नंबर आम्ही बनवलेलाच नाही."

"मग फोन काय हवेतून आला?"

त्याने पुन्हा यादी उघडून बघितली. तीनच.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे जाऊन आले. खोली रिकामी. खुर्ची नाही, फोन नाही. तारेचं भिंतीतलं भोकसुद्धा मालकाने बुजवलेलं.

तरी रोज संध्याकाळी... खुर्ची, किल्ल्या, श्वास.

माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगू, भीतीपेक्षा वाईट जास्त वाटायचं. माझा दादा रोज निघायला बघतोय आणि त्याला निघता येत नाही.

शेवटी वहिनीला सांगितलं. तिने सरळ चपला घातल्या.

चार नंबर आला तसा मी हेडफोन तिच्या कानाला लावला. डोळे मिटून ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, पुरे झालं काम. घरी या."

थोड्या वेळाने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"वन्सं, निघालो म्हणाले."

त्यानंतर चार नंबर कधीच आला नाही. मला वाटलं, सुटला बिचारा.

पण तेव्हापासून वहिनी संध्याकाळी दाराला कडी लावत नाही. ताट वाढून झाकून ठेवते. मी समजवायला गेले तर म्हणाली, "निघालेत ना? मग येतीलच की."

काल मी तिच्याकडेच होते. दिवेलागणीला जिन्यात किल्ल्या वाजल्या...

वहिनीने उठून केस सारखे केले.

आवाज वर चढत आला आणि एक मजला खालीच थांबला.

मी जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. आत येऊन कडी लावायला गेले, तर वहिनीने माझा हात धरला.

"थांबा जरा. जिना चढताना ते मधे दम खातात."

खरंच खायचा. मला ठाऊक आहे ना.

कडी मी लावली नाही.