नजर ढोलावर

"फोटोत हसायचं नसतं," मी म्हटलं.

"हसत नाहीये मॅडम. तोंडच असं आहे."

मी मान वर केली. खिडकीपलीकडे पिवळा रेनकोट, त्यातून टपटपणारं पाणी आणि आत एक उंच, हडकुळा माणूस. आमच्या यिलान शहरातला एप्रिलचा पाऊस धड पडतही नाही आणि थांबतही नाही, नुसता अंगाला चिकटून राहतो. त्या पावसात तो माणूस मात्र नुकतंच ऊन खाऊन आल्यासारखा दिसत होता.

"दात दिसले तर अर्ज परत येतो. ओळखपत्राचा नियम आहे."

"प्रयत्न करतो. पण चार वर्षांनी बाहेर आलोय... ओठ मिटायचं नावच घेत नाहीत."

"परदेशात होतात?"

"नाही. तुरुंगात."

किती सहज बोलला! रांगेत त्याच्यामागे उभ्या असलेल्या म्हातारीने झटकन पिशवी छातीशी धरली. त्याने ते पाहिलं. तो दोन पावलं बाजूला सरकला आणि आपले दोन्ही हात, तिला दिसतील असे, माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवले.

माझा शिक्का हवेतच राहिला.

बाहेरच्या यंत्रात तो पुन्हा फोटो काढून आला. या खेपेला ओठ इतके घट्ट मिटलेले की कपाळाला आठ्या पडलेल्या.

"आता अगदी चोर वाटताय," मी बोलून गेले... आणि जीभ चावली.

तो मोठ्याने हसला. "चोर नव्हतो हो. नशेत होतो. नशेपायी विकायचोही. पत्ता लिहून घेताय ना? नव्या पहाटेचं घर, सानशिंग. पाळकसाहेब लियानांच्या शेताजवळ."

बो-युआन, वय एकतीस. मी अर्जावर लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. खणखणीत पुकारला, कारण छातीत उगाच काहीतरी धडधडत होतं.

मी लिन युन-रू. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. नागरिक नोंदणी कार्यालयात कारकून, आणि घरी आईची एकुलती एक डोकेदुखी.

नव्या पहाटेच्या घरात तुरुंगातून सुटलेले चौदाजण राहायचे. सकाळी प्रार्थना, मग पातीच्या कांद्याच्या वाफ्यांत काम, शनिवारी बाजारात जुड्यांची विक्री. ही माहिती मी कशी काढली ते विचारू नका. पण त्या वर्षी आमच्या घरात पात फार आली.

"महिन्यात चौथ्यांदा पात?" आई म्हणाली. "आपण काय शेळ्या पाळल्यात?"

बाजारात मी जुडी उलटसुलट करायची.

"ही ताजी आहे?"

"पहाटे उपटलीय."

"आणि ही?"

"तीही. मॅडम, तुम्ही प्रत्येक जुडीची चौकशी करता. ओळखपत्र मागाल आता तिचं."

"पत्ता आहे का तिला कायमचा?"

त्याने जुडीची माती झटकली. मग हळूच म्हणाला, "मिळेल म्हणतात... नीट वागली तर."

पाळकसाहेब लियान, ते घर चालवणारे ख्रिस्ती धर्मगुरू, शेजारीच उभे होते. त्यांनी स्वतः नऊ वर्षं शिक्षा भोगली होती. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरमधून जुन्या गोंदणाची शेपटी अजून डोकावायची. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मुली, आमच्याकडे दीड वर्षाचा नियम आहे. दारू नाही, सिगारेट नाही, फोन नाही... आणि प्रेम नाही. प्रेमानेही माणूस झिंगतो. आधी त्याला शुद्धीत चालायला शिकू दे."

"मी फक्त पात घ्यायला येते," मी कानापर्यंत लाल होत म्हटलं.

"मग डावीकडची घे. तुझी जुडी सुकलीय. अर्धा तास हातात धरून उभी आहेस."

नियम मी पाळला. त्यानेही पाळला. सगळा हिवाळा आम्ही पातीखेरीज एका शब्दानेही काही बोललो नाही. बोलत मात्र होतो, दर शनिवारी.

मार्चमध्ये पाळकसाहेब आमच्या कार्यालयात आले. जूनमधल्या ड्रॅगन होडीच्या शर्यतीत घराचा चमू उतरणार होता. दहा वल्हेकरी, एक सुकाणूवाला आणि होडीच्या टोकावर पालथं पडून शेवटच्या रेषेवरचा झेंडा उपटायला आ-फू काका. काका एकसष्ट वर्षांचे, पण पापडासारखे हलके. ढोल वाजवायला पाळकसाहेबांची बायको होती. तिचा गुडघा मोडला होता.

"वजनाला कमी आणि आवाजाला दणदणीत बाई हवी," ते म्हणाले. "तू नंबर पुकारतेस तो रस्त्याच्या पलीकडे ऐकू येतो."

"पण... तुमचा नियम?"

"होडीत बारा पुरुष आणि मी काठावर. बघू कशी झिंगता!"

ढोलवालीने वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वल्ह्यावर कोण असणार, हेही ठाऊक नव्हतं. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांपासून दोन वितींवर... आणि मागचे नऊजण त्याच्या तालावर वल्हं मारणार, म्हणून त्याने क्षणभरही दुसरीकडे बघायचं नाही.

"नजर ढोलावर!" पाळकसाहेब काठावरून ओरडायचे.

"तुमची नजर ढोलावर नाहीये," मी पुटपुटले.

"ढोल जरा वरच्या अंगाला वाजतोय मॅडम," बो-युआन म्हणाला. "मला इथून ऐकू येतंय."

मी इतक्या जोरात टिपरी हाणली की मागून आ-फू काका किंचाळले, "अगं, शर्यत जूनमध्ये आहे! आजच बुडवतेस की काय?"

विश्रांतीत, भिजलेल्या काठावर बसून, तो तुकड्यातुकड्याने सांगायचा. मासळीचे ट्रक चालवायचा तो. जागं राहण्यासाठी कुणीतरी पहिली पुडी दिली. मग जागं राहण्याचं कारण उरलं नाही, पुडी उरली. तो आत असताना वडील गेले. बेड्या घालून पंधरा मिनिटांसाठी अंत्यविधीला आणलं होतं त्याला.

"नीट वाकून नमस्कारही करता आला नाही," तो म्हणाला. "बेड्या वाजायच्या."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. धरला नाही. नियम होता... पण माझा हात गवतावरून इंचभर सरकला, हे मी कबूल करते.

आईला बाजारातल्या बायकांनी सांगितलं.

"तुरुंग!" आईने पातेलं आपटलं. "नशा! बरं, एक वेळ माणूस सुधारतो म्हणू. पण वर येशूवाला? मी मेल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात मला उदबत्ती कोण लावणार? सांग ना, कोण लावणार?"

आई चिक्कीचा भुगा आणि कोथिंबीर घालून पातळ पोळीत गुंडाळलेल्या आइस्क्रीमची गाडी चालवते. त्या दिवशी तिने चिक्की पार पीठ होईपर्यंत किसली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पुन्हा त्या पुडीकडे वळला तर? तेव्हा तू काय करशील?"

मी पात चिरत राहिले.

शर्यतीला सहा दिवस उरले होते. पाच वाजता सराव. साडेपाच झाले. पहिल्या वल्ह्याची जागा रिकामी. त्या नऊजणांना त्या रिकाम्या जागेचा अर्थ माझ्याहून चांगला कळत होता. पाळकसाहेब डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते. मी टिपऱ्या मांडीवर ठेवून बसले आणि आईचा प्रश्न कानात घुमत राहिला.

सहाच्या सुमाराला बांधावरून तो चालत आला. एकटा. उजवी मूठ पोटाशी आवळलेली, चेहरा राखेसारखा.

"जुना मित्र आला होता, वाफ्याशी," तो पाळकसाहेबांना म्हणाला. "हातात ठेवून गेला. फेकायची म्हणून निघालो... दीड तास चालतोय. मूठ उघडत नाहीये. उघडली की मी फेकणार नाही, हे मला माहीत आहे."

कुणी रागावलं नाही. पाळकसाहेबांनी आपले दोन्ही तळवे त्याच्या मुठीखाली धरले. "तू इथवर आलास ना? मग आता आपण सगळे मिळून उघडू."

एकेक जण होडीतून उतरला. आ-फू काकांनी करंगळी धरली. कुणी अंगठा. पाळकसाहेब प्रभूचं नाव घेत होते, बाकीचे मान खाली घालून त्यांच्यामागून म्हणत होते. एकेक बोट सुटलं. ती पुडी घेऊन सगळा घोळका होडीघराच्या संडासाकडे गेला. आत पाणी सोडल्याचा आवाज आला, आणि बाहेर उभ्या असलेल्या त्या दणकट माणसांनी डोळे पुसले.

बो-युआन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मान वर होत नव्हती.

"तुम्ही पाहिलंत सगळं. उद्यापासून आला नाहीत तरी... मी समजेन."

मी त्याच्या उघड्या तळव्याकडे पाहिलं. नखं रुतून चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. तो नशेकडे वळला होता... आणि तिला मुठीत धरून आमच्याकडे चालत आला होता.

"उशीर झालाय," मी म्हटलं. "बस. वल्हं घे."

त्याने चमकून वर पाहिलं. चौदा महिन्यांत मी पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं.

"घेतो," तो म्हणाला. आणि त्याचे ओठ पुन्हा मिटेनासे झाले.

शर्यतीच्या दिवशी नदीकाठ माणसांनी फुलला होता. आई आइस्क्रीमची गाडी घेऊन हजर. "धंद्याला आलेय," तिने बजावलं, "दुसऱ्या कशाला नाही."

अंतिम फेरीत आमच्या शेजारी पोलिसांची होडी. त्यांच्या पहिल्या वल्ह्यावर हवालदार लो, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी बो-युआनला पकडलं होतं.

"काय रे!" ते ओरडले. "तेव्हा गल्लीत सापडलास. आज पळून दाखव!"

"आज सरळ रेषेत पळतोय साहेब! पकडा!"

बंदूक वाजली. मी ढोल हाणला.

पहिल्या शंभर मीटरला ते अर्धी होडी पुढे. पाणी तोंडावर सपासप येत होतं. मी ताल वाढवला. बो-युआनच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण नजर हलली नाही. त्याच्यामागे नऊ वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. ज्या माणसांना कुणी दारात उभं करत नव्हतं, ती माझ्या टिपरीवर एका माणसासारखी हलत होती. माझा आवाज फाटला तरी मी ओरडतच होते. काठावरून एक बाई पोलिसांना अस्सल शिव्या घालत होती आणि तो आवाज माझ्या ओळखीचा होता!

"काका, झेंडा!"

आ-फू काका पाण्यावर आडवे झाले... हात लांबला... आणि लाल झेंडा त्यांच्या मुठीत! पोलिसांच्या माणसाची बोटं वीतभर मागे, हवेतच राहिली.

मग काय झालं ते नीट आठवत नाही. कुणी रडत होतं, कुणी स्तोत्र गात होतं, दोघंजण नदीतच पडले. हवालदार लोंनी पोहत येऊन बो-युआनला मिठी मारली. "तुला पकडलं तेव्हा इतकं चांगलं वाटलं नव्हतं रे," ते म्हणाले.

आईने त्याला गाडीपाशी बोलावलं. तो निथळत, मान खाली घालून उभा राहिला.

"मी मेल्यावर तू मला उदबत्ती लावशील?"

मी डोळे मिटले.

"नाही मावशी," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. आमच्यात लावत नाहीत." त्याने मान वर केली. "पण तुम्ही आहात तोवर रोज जेवायला येईन. गाडी ढकलेन. गुडघे दुखले तर पाठीवर घेईन. जे काय करायचं ते तुम्हाला दिसेल असं करेन... माझ्या वडिलांसाठी काही करायचं राहून गेलं."

आई बराच वेळ चिक्की किसत राहिली. मग त्याच्या हातात आइस्क्रीमची गुंडाळी कोंबली. "खा. हाडंच दिसतायत नुसती." आणि तो खातोय तोवर दुसरी करायला घेतली.

ऑक्टोबरमध्ये त्याचं दीड वर्ष पूर्ण झालं. घराच्या छोट्या प्रार्थनागृहात ऐंशी माणसं दाटीवाटीने बसली होती. बो-युआनने पुढे उभं राहून साक्ष दिली. लांबलचक नव्हती. "मी एकट्याने मूठ उघडली नाही," एवढंच म्हणाला.

"आता घरच्यांनी पुढे यावं," पाळकसाहेब म्हणाले, "आणि यांच्या शेजारी उभं राहावं."

कुणी उठलं नाही. त्याचं कुणी नव्हतंच. तो जमिनीकडे बघत हसला, आणि ते हसू मला बघवेना. पण पाय... पाय उचलेनात.

पाठीत एक दणका बसला.

"जा ना!" आई दात-ओठ खात म्हणाली. "का मी जाऊ?"

मी गेले. त्या दोन रांगांमधून चालत, सगळ्यांच्या देखत, जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. आणि या खेपेला हात धरला.

"पाळकसाहेब," बो-युआनने विचारलं, "नियम... संपला का?"

पाळकसाहेबांनी उगाच घड्याळ पाहिलं. "केव्हाच."

तो माझ्याकडे वळला. "युन-रू, मला अजून कधी कधी भीती वाटते. पुढेही वाटेल. तरीही... माझ्याशी लग्न करशील?"

"भीती मलाही वाटते," मी म्हटलं. "दोघं मिळून घाबरू. हो."

ते इतकं हळू बोलले की दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नसेल. पाठीमागे आई बाकावर चढली होती.

"काय म्हणाली?" ती ओरडली. "अहो, हो म्हणाली ना?"

आणि ऐंशी माणसं एका दमात ओरडली, "हो!"