लाल रेघ

"तुम्ही श्वास घेता की हवा गिळता हो?" बोटीवर चढल्या चढल्या मी त्याला विचारलं.

मास्क कपाळावर सरकवून तो ओशाळं हसला. "दोन्ही… बहुतेक."

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं!

किनाऱ्यापासून तासाभरावर समुद्राच्या पोटात एक सुळका आहे. अंगभर प्रवाळ, भोवती पिवळ्या माशांचे थवे, आणि पायथ्याशी माणसाहून उंच, पंख्यासारखं पसरलेलं लाल प्रवाळ. लोकांना तो पंखा दाखवून सुखरूप वर आणणं माझं काम, बोट चालवणं बाबांचं. नियम एकच – जोडीतल्या एकाच्या सिलिंडरमधल्या हवेचा काटा लाल रेघेवर आला, की दोघांनीही वर यायचं.

हा घड्याळं दुरुस्त करणारा, सुट्टीत बुड्या मारायला आलेला. दर वेळी अर्ध्या वाटेतच मला काटा दाखवायचा. पंखा राहायचा खाली, आणि आम्ही वर!

"बाबा, उद्या त्याला तुम्हीच न्या," मी शेवटी म्हटलं. "नाकी नऊ आणलेत त्याने. बोट मी सांभाळते."

दुसऱ्या दिवशी दोघं खाली गेले ते येईचनात. माझा जीव टांगणीला. आले तेव्हा बाबा खूश. "कोण म्हणतं हा हवा गिळतो? माझ्यापेक्षा जास्त शिल्लक आहे याची! मासा आहे, मासा!"

"मग पंखा बघितलात?" मी त्याला विचारलं.

"नाही. मीच नको म्हटलं… तो तुम्ही दाखवणार होतात ना?"

बाबांना एकदम इंजिनाकडे काम निघालं.

"मग माझ्याबरोबरच हवा कशी संपते तुमची?"

तो पायातल्या रबरी फिनचा पट्टा सोडवत बसला. "घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवताना माझा श्वास हलत नाही. पण तुम्ही पाण्यात मागे वळून बघता ना… ठीक आहे का म्हणून खुणेनं विचारता…"

"सगळ्यांनाच विचारते मी."

"माहीत आहे. तेच तर दुःख आहे."

"पुरे हं!" मी म्हटलं खरं, पण कान तापले होते. इतकी वर्षं मी मागे वळून बघतेय, कामाचा भाग म्हणून. ते बघणं कुणाला तरी पोचत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. आणि आता उद्याची एक बुडी, की हा निघाला. जाईना का, असे छप्पन येतात! मनाला सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ.

शेवटची बुडी मीच घेतली. उन्हाच्या तिरिपी सुळक्यावरून खाली उतरत होत्या. तो संथ श्वास घेत येत होता, आणि मी उगाचच मागे वळून बघत होते… पुन्हा… आणि पुन्हा. खाली निळ्या धूसरात पंख्याची लाल कड दिसायला लागली. सवयीनं मी त्याचा काटा विचारला. हवा भरपूर! मग त्यानं माझा विचारला.

मी बघितलं. लाल रेघेवर… माझा काटा!

त्यानं काटा बघितला, मग मला. मास्कमागे त्याचे डोळे हसत होते. मी मुकाट्यानं अंगठा वर केला. चला वर.

वर येण्याआधी थोडा वेळ बोटीची दोरी धरून थांबावं लागतं, शरीराला सवय व्हावी म्हणून. माझ्या हाताला त्याचा हात लागला. मी काढला नाही. पाण्यात बोलता येत नाही, हे किती बरं आहे.

बोटीवर बाबांनी माझा काटा बघितला. "काय गं, सिलिंडर गळतंय की काय?"

"नाही बाबा. सिलिंडर ठीक आहे."

 बाबा पुन्हा इंजिनाकडे गेले.

"पंखा राहिलाच," तो हळूच म्हणाला.

"मग परत ये." गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं मी.

तो हसला. "येईन… पण तुझी हवा पुरेल का?"

"नाही पुरणार," मी म्हटलं. "तरी ये."