मर्यादा चालू, मर्यादा बंद

चालू.

‘तुम्ही मर्यादा ओलांडली आहे.’

तिच्या पडद्यावर, लाल अक्षरांत. अख्ख्या स्टुडिओसमोर. ती सिनेमाचा आवाज जुळवणारी. मागे उभ्या दिग्दर्शिकाबाई फिसकन हसल्या, “काय गं, कुठे काय करून आलीस?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाचच्या आत सिनेमा महोत्सवाकडे गेला नाही, तर वर्षाची मेहनत पाण्यात... आणि इथे फाइल साठवलीच जात नव्हती! ती तरातरा तळघरात उतरली. तिथल्या गार खोलीत सगळ्यांच्या फाइली सांभाळणारी यंत्रं घरघरत होती. यंत्रांपाशी स्वेटर घातलेला एक नवा माणूस.

“ते वाक्य तुमचं?”

“हो... यंत्राची भाषा कुणाला कळत नाही, म्हणून मी जरा सोपं करून—”

“फार सोपं झालं! सगळ्यांना कळलं!”

त्याचे कान लाल झाले. “मर्यादा म्हणजे... जागेची हो. आजपासून डिस्कवर प्रत्येकाला ठरावीक वाटा. तुमच्या नावावर जरा जास्तच—”

“माझ्या नावावर? सगळ्यांची रेकॉर्डिंग्ज मी आणून ठेवते!”

“जो ठेवतो, त्याच्या नावावर.”

“वा! लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या मी, आणि पीठही माझ्याच नावावर!”

त्यानं फक्त एक ओळ टाइप केली—

बंद.

साऱ्या डिस्कवरची मर्यादा उठली. ती ऐटीत वर गेली, पण बातमी तिच्याही आधी पोचली होती. अॅनिमेशनच्या चित्रकार मंडळींनी आपापली पोतडी डिस्कवर ओतली. तिची फाइल अर्धी उतरते न उतरते तोच डिस्क तुडुंब!

पुन्हा तळघर.

“माझ्या एकटीसाठी सगळ्यांना रान मोकळं?”

“तुम्ही ओरडत होतात...”

“उद्या म्हटलं विहिरीत उडी मारा, तर?”

“आधी पाणी आहे का बघेन.” तो थांबला. “मग मारेन.”

हसू आलं, म्हणून ती आणखीच चिडली. “सरका!”

चित्रकारांचा पसारा त्यानं दुसऱ्या डिस्कवर हलवला. मग ती कुठलं रेकॉर्डिंग सगळ्यांचं ते सांगत गेली, तो ते स्टुडिओच्या नावावर चढवत गेला. खांद्याला खांदा लागला. दोघंही चटकन सरकले... चुकीच्या दिशेनं.

चालू.

तिचा वाटा आता ऐसपैस मोकळा. सिनेमा वेळेत गेला.

“एक सांगू?” तो की-बोर्डकडे बघत म्हणाला. “मर्यादा लावण्याआधीच मी पाहिलं होतं, यादीत सगळ्यात वर तुमचं नाव. सांगायला जिना चढून आलोही होतो. तुम्ही हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होतात. मी... बघतच राहिलो. आणि परत आलो.”

“म्हणजे तुम्ही बघत राहिलात, आणि माझं वर्ष बुडणार होतं?”

“...हो.”

“भयंकर रागावलेय मी.”

“दिसतंय.”

“उद्या वर यायचं. डोळे मिटलेले असले तरी हाक मारायची!”

“काय म्हणून?”

“अगं म्हणून!”

ती पाय आपटत निघाली. दार धाडकन आपटून त्याआड पोटभर हसायचं होतं. पण गार खोलीचं जड दार ते. आपलं आपण, सावकाश मिटणारं...

अख्खं हसू त्याला दिसलं.