पाळण्याचं टिंब

बाळांनो, जरा डोळे मिटा. छताला पाळणा टांगलाय. द्या बरं झोका. तो कुठून हलतो? वरच्या कडीपासून, हो ना? आता समजा, तो स्वतःच्या पोटापासूनच फिरायला लागला तर... बाळ धपकन खाली!

कोसाडला राहणाऱ्या मयुरीच्या कॉम्प्युटरवर अगदी तसंच होत होतं. ती निमंत्रणाचे व्हिडिओ करायची. "आमच्या बाळाचं बारसं आहे," म्हणत सौरभ आला होता, आणि त्याचा पाळणा पडद्यावर चक्रासारखा गरगर फिरत होता. चार संध्याकाळी तो बघायला आला. "कामावरून घरी जाताना वाटेतच आहे," म्हणायचा. येताना खायला गरम लोचो, डाळीचा मऊ वाफवलेला नाश्ता, आणायचा, खुर्ची थोडी जवळ ओढायचा...

मयुरीला काहीच उमजेना. ना पाळणा, ना हा माणूस. घरी बायको, बाळ... मग माझ्याकडे असा का बघतो?

पाचव्या दिवशी त्याच्याबरोबर सहा वर्षांची मानसी होती. पडद्यावर बाळाला घेतलेल्या सौरभचा फोटो, आणि खाली मयुरीनं लिहिलेलं — 'बाबा'.

"मामा, तू बाबा कधी झालास?" मानसी खिदळली. "बाळ माझा भाऊ आहे. आमचे बाबा घरी आहेत!"

मयुरीचे कान तापले. "म्हणजे... तुमचं लग्न..."

"मुलगी कोण देतंय मला?" सौरभ हसला.

'बाबा' पुसायला तिनं घाईनं माऊस धरला. तो भलतीकडेच ओढला गेला, आणि पाळण्याच्या क्लिपच्या मधोमध असलेलं बारीक टिंब सरकून थेट कडीवर गेलं. पाळणा अलगद झुलू लागला! क्लिप त्या टिंबाभोवती फिरते, हे तिला तेव्हा कळलं.

"जमलं," ती पुटपुटली. "आता यायला नको तुम्हाला. वाटेत असलं तरी—"

"कामरेजच्या कामावरून उधन्याला घरी जाताना कोसाड वाटेत लागतच नाही, मयुरी."

मयुरीच्या तोंडातून भलतंच निघालं. "मग... व्हिडिओ पाठवू?"

"पाठवा..." तो हळूच उठला. खुर्ची मागे सरकवली.

मानसीनं दोघांकडे पाहिलं. माऊस ओढला, टिंब धरलं आणि परत पाळण्याच्या पोटात आणून ठेवलं. पाळणा उलटा!

"बगडी गयुं!" ती गुजरातीत म्हणाली. "बिघडलं! आता उद्या पण यावं लागेल ना?"

"यावंच लागेल," मयुरी म्हणाली. पडद्याकडे न बघता.

मग मानसीनं दोन्ही हातांनी ढकलत ढकलत मामाची खुर्ची मयुरीच्या खुर्चीला नेऊन टेकवली.