पेंढा घातलाय, ताई

खोटं वाटलं तर माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसण्यावारीच नेलं असतं.

पण त्या फोनवर मी स्वतः होते. शेजारी माझे वडील होते. आणि तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. जागा म्हणजे घाटाच्या पायथ्याचं आमचं बचाव-ठाणं. एक दगडी खोली, मागे तारेचं कुंपण, कुंपणात माझी कुत्री.

घरातली नाहीत, कामाची. वरच्या रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळला आणि माणसं गाडली गेली, की ही कुत्री त्यांना वासावरून शोधतात. राहतात बाहेरच. शेकोटीजवळ लोळायची सवय लागली की अंगावरची दाट लव विरळ होते, आणि ऐन कामाच्या वेळी ती कुडकुडतात.

म्हणून त्यांना लाकडी खोपटी. विटांवर उचलून ठेवलेली, दार वाऱ्याच्या उलट बाजूला, दारावर जाड ताडपत्रीचा पडदा. आत कोरडा पेंढा गच्च भरायचा. ब्लँकेट घालायचं नाही, ते श्वासाने ओलं होऊन गोठतं. पेंढाही दमट झाला की बदलायचा. त्यात आळस केला की संपलं.

सगळ्यांत म्हातारी कुत्री म्हणजे आत्याबाई. हे नाव तिने स्वतःच्या वागण्याने कमावलं होतं. कुणी कुठे बसायचं, कुणी आधी जेवायचं, सगळा कारभार तिच्याकडे. मलासुद्धा नजरेनेच दटावायची.

बाबांचं ऑपरेशन शहरात ठरलं. कुत्र्यांना सोडून जायचं कसं, या काळजीत मी असताना माझा धाकटा भाऊ आपणहून आला. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. माझ्या मांडीवर झोपलेलं पोर ते.

"ताई, तू बिनघोर जा. मी आहे ना."

"पेंढा?"

"बदलीन."

"पडदे?"

"बांधीन गं बाई! हवं तर तुझ्या आत्याबाईच्या रोज पाया पडेन."

आम्ही दोघं खूप हसलो. मी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि निघाले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यातून फोन लावला.

"पेंढा घातलाय, ताई. पडदे बांधलेत. सगळी ढेकर देऊन झोपलीत."

आणि त्याच्या आवाजामागे...

भुंकणं.

जड. सावकाश. थांबून थांबून.

"आत्याबाई का भुंकतेय रे?" मी विचारलं.



"कोण? हां... ती होय? भूक लागली असेल."

"आत्ताच तर म्हणालास, ढेकर देऊन झोपलीत."

"अगं, म्हातारी आहे ती! तिचं काय खरं?" असं म्हणून त्याने घाईघाईने फोन ठेवला.

मला बरंच वाटलं. आत्याबाईचा आवाज ऐकला, म्हणजे तो तिथे आहे. सगळं ठीक आहे.

पुढच्या संध्याकाळी बाबांनाही बोलायचं होतं, म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. भाऊ बोलत होता. हवा, पेंढा, कोमट पाणी...

पुन्हा तोच आवाज.

आज जवळून. जणू ती त्याच्या खांद्याशी उभी होती. मधेमधे तिची धापही ऐकू येत होती.

तो मात्र बोलतच होता. एकदाही थांबला नाही. "गप गं" म्हणाला नाही. आवाज चढवला नाही.

जणू त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

त्याने फोन ठेवताच बाबांनी उशीवरून मान उचलली. आयुष्यभर कुत्र्यांसोबत काम केलेला माणूस.

"असं ती उगाच भुंकत नाही," ते म्हणाले. "बर्फाखाली जिवंत माणूस सापडला की देते ती हाक आहे ही. इथे उकरा, जीव आहे, म्हणतेय ती."



"तू जा," बाबा म्हणाले. "माझ्याकडे नर्स आहे. तू आत्ताच्या आत्ता निघ."

रस्ता बंद होत होता. मी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.

जीपचा आवाज आला की माझी कुत्री आकाशपाताळ एक करतात.

त्या दिवशी काहीच नाही...

खोलीला कुलूप. चुलीत थंड राख. पेंढ्याच्या गठ्ठ्यांची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. सगळे पडदे वाऱ्यावर फडफडत होते. मी एकेक खोपटं बघत गेले. आत जुना पेंढा ओला होऊन, गोठून, पत्र्यासारखा झालेला.

खोपटी रिकामी होती.

शेवटचं आत्याबाईचं.

त्याच्या दारात ती आडवी पडली होती. पाठ बाहेर. पडदा बांधला नव्हता, म्हणून दार तिने स्वतःच्या अंगाने बुजवलं होतं.

मी हात लावला. लाकडासारखी ताठ. पापण्यांवर बर्फ.

तिला बाजूला सरकवलं आणि आतून माझ्या तोंडावर ऊब आली. भट्टीचं दार उघडल्यासारखी. आत बाकीची सगळी कुत्री एकमेकांना चिकटून बसली होती. उपाशी, पण जिवंत. एकाच्याही कानाला हिमदंश नव्हता.

जनावरांचे डॉक्टर नंतर मला म्हणाले, "ही पहिल्याच रात्री गेलेली दिसते. बाकीची इतके दिवस कशी तगली, मला सांगता येणार नाही."

पहिल्याच रात्री.

म्हणजे माझ्या पहिल्या फोनच्याही आधी.

पण हे सगळं नंतर कळलं. त्या क्षणी मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि भावाला फोन लावला.

"ताई! आत्ताच त्यांना पाणी देऊन खोलीत आलो बघ. काय गारठा आहे!"

मी कुलपाकडे बघत होते.

"पेंढा?" मी विचारलं. 

"घातलाय ना, ताई. रोज घालतोय."

मी आत्याबाईच्या पापण्यांवरचा बर्फ पुसला.  मग तो हळूच म्हणाला,

"ताई... तुझ्याकडे कोण भुंकतंय? दवाखान्यात कुत्रं कसं?"

माझ्याकडे कुणीही भुंकत नव्हतं.

माझी कुत्री माझ्या पायांशी निमूट उभी होती.

"बंद कर ना ते," तो म्हणाला. "ताई, कानात येतंय... अगदी कानात येतंय!"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो आला. पहिल्याच संध्याकाळी किल्ल्या खिशात घालून खाली गावात मित्राकडे गेला होता. तिथे गरम खोली होती, पत्त्यांचा डाव होता. माझे फोन त्याने तिथूनच घेतले.

"एका रात्रीपुरतंच जाणार होतो गं. मग बर्फ वाढला... आणि कुत्रीच ना ती, ताई? त्यांना केस असतात."

तो रडला. मला रडू आलं नाही. आत्याबाई गेली याचं दुःख होतंच. पण रोज संध्याकाळी तो मला "ताई" म्हणत होता, आणि त्या एका शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवत होते... हे काही केल्या आतून जाईना. अजून जात नाही.

पुढे बाबा बरे झाले. "धाकटा आहे, पोटात घाल," म्हणायचे. मी बोलायला लागले, पण कामापुरतं.

गेल्या आठवड्यात तो बऱ्याच दिवसांनी ठाण्यावर आला. दुपारची वेळ, लख्ख ऊन. पायरीवर चहा पीत बसला. गाल लाल, तब्येत उत्तम.

कुत्री एकेक करून आली. गुरगुरली नाहीत. त्याच्याभोवती गोल करून बसली, हनुवट्या जमिनीवर टेकवल्या आणि अगदी गप्प राहिली.

त्याचे डोळे भरून आले.

"बघ ताई, यांनी मला माफ केलं. आता तरी तू कर."

मी हातातली किटली खाली ठेवली. 

जिवंत माणूस सापडला की माझी कुत्री भुंकतात.

जीव गेलेला सापडला... की भुंकत नाहीत. त्याच्याजवळ अशीच बसतात. हनुवटी जमिनीवर टेकवून. आम्ही फावडी घेऊन पोचेपर्यंत.

मी शिट्टी मारली, हाका मारल्या. एकही उठलं नाही. तो फाटकाबाहेर गेला तेव्हाच उठली.

तो ठणठणीत आहे. काल फोन आला होता. घाटापलीकडे काम मिळालंय, आता रोज वरच्या रस्त्याने ये-जा करणार, असं आनंदाने सांगत होता.

सकाळपासून बर्फ पडतोय.

त्याला सांगायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगेन. सांगायलाच हवं. पण तो म्हणेल, ताई अजून राग धरून आहे, म्हणून काहीतरी बोलतेय.

आमच्या घरात आता कुणाच्या शब्दावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही.