न्हाणीतला मारवा

दिवसभर दुसऱ्यांचे संसार मोडताना ऐकायचे आणि ते जसेच्या तसे टाइप करायचे, हे माझं काम. मी संघप्रिया. बेलापूरला कोर्टात स्टेनो आहे. कोण कुणाला काय बोललं, कुणी कधी हात उगारला, सगळं माझ्या बोटांतून जातं. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत खांदे दगड झालेले असतात. म्हणून गेल्या वर्षी सारसोळे गावात भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा खोलीपेक्षा मला तिथली न्हाणी आवडली.

एवढ्याशा तिसऱ्या मजल्यावर माणूसभर लांबीचा हौद! निळ्या टाइल्सचा, पाय सोडून बसता येईल असा. वर भिंतीवर गॅसचा गीझर.

"आधीच्या भाडेकरनीनी बांधून घेतलेला," घरमालकीण पुतळाबाई म्हणाल्या. "तिची पाठ दुखायची. तू वापर. फक्त खिरकी उघरी ठेवायची. कदी बंद नाय करायची."

पुतळाबाई खालीच राहतात. कोळीण. आवाज मोठा, पण ते शेवटचं वाक्य त्या अगदी हळू बोलल्या होत्या.

मग माझा दर शुक्रवारचा नेम झाला. घरी आलं की दिवा मालवायचा, हौद गरम पाण्यानं भरायचा, फोन स्टुलावर ठेवून सारंगी लावायची. मला रागदारीतलं काही कळत नाही. फोनवर 'मारवा' असं नाव दिसायचं, एवढंच. पण त्या पाण्यात मान मागे टाकली की आठवडाभर ऐकलेली भांडणं हळूहळू अंगावरून उतरायची. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून खाडीचा खारा वास यायचा.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मला जाणवलं, सारंगीच्या खाली आणखी एक आवाज आहे. बाईचा. तोंड मिटून गुणगुणतात तसा. मला वाटलं, पलीकडची कुणी असेल, पाइपांच्या पोकळीतून ऐकू येत असेल. छान वाटलं, खरं सांगते. एकटीला सोबत झाली. दमलेला आवाज होता तो, माझ्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई ओट्यावर कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "वर शेजारी कोण गातं हो?"

त्यांचा हात थांबला.

"कोन गानार? बाजूची खोली बंद हाय." मग माझ्याकडे न बघता, "खिरकी उघरी ठेवतेस ना?"

"ठेवते की."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी एक नवीनच वादन लावलं. कधी न ऐकलेलं. आणि तो आवाज… सारंगीच्या पुढे गेला. आधी बाई सूर घ्यायची, मग सारंगी तिथे पोहोचायची. पाणी गरम होतं, तरी माझ्या दंडावर काटा आला. मी उठले नाही. का, ते सांगता येणार नाही. तो आवाज मला घाबरवत नव्हता. उलट कुणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसं वाटत होतं.

नोव्हेंबरात खाडीकडून डासांचा लोंढा आला. बसणं मुश्कील. एका शुक्रवारी मी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून खिडकीच्या फटीत गच्च कोंबले. त्या दिवशी कोर्टात सत्तरीच्या एका आजींनी साक्ष देता देता माझ्याकडे बघून विचारलं होतं, "बाई, हे पण लिहिणार का?" आणि मी ते लिहिलं होतं. कधी एकदा पाण्यात शिरते असं झालं होतं. सात वाजत आले होते. मी कडी लावली, गरम पाण्याची बारीक धार चालूच ठेवली आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला कोण जाणे. डोकं जड झालं होतं, पण गोड जड. हात पाण्यावर तरंगत होते, माझे नसल्यासारखे. कधीतरी सारंगी थांबली. बाई मात्र गातच होती.

मग तीही थांबली.

"ऊठ…"

अगदी कानापाशी.

"ऊठ गं… झोपू नकोस…"

मला उठायचं होतं. पाय हलेनात. पापण्या कशाबशा उघडल्या. गीझरच्या निळ्या ज्योतीच्या उजेडात मला खिडकी दिसली. फटीतला एक बोळा हलला. आतल्या बाजूला सरकला आणि पाण्यात पडला. मग दुसरा. मग तिसरा… बाहेरून नव्हे, आतूनच कुणीतरी एकेक उपसून काढत होतं. खारी, थंड हवा तोंडावर आली. माझ्या काखेत दोन हात शिरले. ओले, पाण्याहून कितीतरी गार. त्यांनी मला वर ओढलं.

पुढचं तुटक आठवतं. मी हौदाच्या काठावरून फरशीवर पडले, ओकले, रांगत दारापर्यंत गेले. दार उघडंच होतं. कडी मी लावली होती, स्वतःच्या हातानं.

बाहेर पुतळाबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. माझ्या अंगावर त्यांनी आपली चादर टाकली.

"मना हाक मारलीस ना तू? पुतळाताई, पुतळाताई म्हनून?"

मी मानेनंच नाही म्हटलं. मी त्यांना कधीच ताई म्हटलं नव्हतं.

"ताई तर तीच म्हनायची मना," त्या न्हाणीकडे बघत म्हणाल्या.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, गीझरचा विषारी वायू कोंडला होता, त्याला वास नसतो, अजून दहा मिनिटं गेली असती तर संपलंच होतं. माझ्या नाकाला नळी लावलेली होती. पुतळाबाई रडत होत्या.

"नंदिनीताई होतं त्या आधीच्या भाडेकरनीचं नाव. गानं शिकवायची. कुनी नव्हतं तिला. तिनीपन मच्छरांसाटी पुठ्ठा लावलेला… सकाळी दार तोरलं आमी. तुला सांगलं असतं तर तू खोली घेतली नसतीस. मी पापी हाय, पोरी."

मी त्यांचा हात धरला. रागावण्याइतकी ताकद नव्हती. आणि खरं तर राग आलाच नाही. दोन दिवसांत त्यांनी तो गीझर स्वतः उभं राहून काढायला लावला आणि विजेचा बसवला.

रविवारी घरी आले आणि परभणीला आईला फोन लावला. तिला काहीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

"बरी हाईस का माय?" तिनं पहिलंच विचारलं. "परवा तुझा फोन एका बाईनं उचलला. सातच्या सुमाराला."

"कोणत्या बाईनं?"

"मला काय ठावं? लई गोड बोलली. म्हनली, काळजी करू नका, मी हाय तिच्यापाशी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी न्हाणीच्या मिटल्या दाराकडे बघत होते.

"आन् ती माणसं कोन व्हती गं तिच्यामागं?" आई म्हणाली.

"कसली माणसं?"

"लई जन व्हते. कुजबुजत व्हते. एक जन सारखा इचारीत व्हता, आली का ती, आली का ती…"

"मग?"

"बाई त्याला म्हनली, न्हाई. आज न्हाई."