रंग आला नाही

आमच्याकडे पाहुणे आले की पहिली दहा मिनिटं नाकाला रुमाल लावून फिरतात. मग रुमाल हळूहळू खाली येतो, कारण वास त्यांना वाटला होता तेवढा नसतो, आणि कुणीतरी चाचरत विचारतंच, "म्हणजे हे पाणी पुन्हा वापरतात?" मी हो म्हणते. शहराने सकाळी मोरीत, संडासात, बेसिनमध्ये जे जे ओतून दिलं ते आमच्या जाळ्यांतून, टाक्यांतून आणि कोळशाच्या गाळण्यांतून जाऊन स्वच्छ होतं, कारखान्यांना आणि बागांना जातं. उरलेला गाळ बंद टाकीत कुजवून आम्ही गॅस काढतो. त्या गॅसवर निम्मे पंप चालतात आणि कँटीनची शेगडीही. ही शेवटची गोष्ट मी पाहुण्यांच्या हातात चहाचा कप आल्यावरच सांगते. बावीस वर्षं सांडपाण्याची प्रयोगशाळा सांभाळल्यावर माणसाला एवढी गंमत करायचा हक्क असतो.

मला सगळं मोजून बघायची सवय आहे. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी तोंड उघडत नाही. हे सांगते आहे, कारण हे मी मोजलं आहे.

बारक्या माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, पण शेंडेफळ म्हणून घरात बारक्या, आणि मी एकदा चारचौघांत तशी हाक मारली म्हणून कामावरही बारक्याच. जमिनीखालची कुठली लाइन कुठे जाते हे शोधायचं त्याचं काम. जुन्या भागातले नकाशे कुणाकडे धड नाहीत, आणि जे आहेत त्यांच्यावर भरवसा ठेवला तर माणूस तोंडघशी पडतो. म्हणून रंग टाकून बघायचा. एकाने लांबच्या चेंबरमध्ये बाटलीभर रंग ओतायचा आणि दुसऱ्याने इथे, पाणी जिथून आत येतं त्या जाळीपाशी, बघत बसायचं. बाटलीत हा रंग तांबडा असतो, पाण्यात पडला की झगझगीत हिरवा होतो. हिरवा दिसला तर ती लाइन आपल्याकडे येते. नाही दिसला तर ती बहुतेक परस्पर नदीला जाते.

रंग वीसेक मिनिटं दिसतो आणि विरून जातो. म्हणून बसणाऱ्याला एकच नियम. रंग आल्याशिवाय किंवा ठरलेली वेळ टळल्याशिवाय उठायचं नाही. लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या कामगाराने, सगळे त्यांना काकाच म्हणतात, हा नियम बारक्याला शिकवला आणि बारक्याने मला. काका म्हणायचे, भूक लागू दे, फोन वाजू दे, आभाळ कोसळू दे, बूड हलवायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी चामड्याच्या बंद कारखान्यामागची जुनी लाइन तपासायची होती. सकाळी दहाला बारक्याचा फोन आला.

"ताई, ओततोय. बसलीस ना?"

"बसले. एकटाच आहेस?"

"काका येतायत मागून, त्यांची गाडी पंक्चर झालीय. तू बघत बस. आणि उठू नकोस हं, तुझ्या पायाला भिंगरी असते."

"चल, शहाणा."

आमचं शेवटचं बोलणं ते.

अंतर आणि उतार धरून रंग साधारण अकरा चाळीसला यायला हवा होता. अकरा पस्तीसला साहेबांचा निरोप आला. कुणी मोठे पाहुणे आले होते, फोटोवालाही होता, आणि आम्ही शुद्ध केलेल्या पाण्याचा पेला लॅबच्या बाईंनीच सगळ्यांसमोर प्यावा असं आयत्या वेळी ठरलं होतं. पाच मिनिटांचं काम आहे, असा निरोप होता. मी गेले. पेला प्याले. फोटो हलला म्हणून पुन्हा प्याले, हसले. जाळीपाशी परत आले तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी होती आणि पाणी नेहमीसारखं राखाडी होतं. दोन वाजेपर्यंत बसले. मग कागदावर लिहिलं, रंग आला नाही. खाली सही केली.

मी उठले होते हे लिहिलं नाही.

काका चेंबरपाशी पोचले तेव्हा झाकण उघडं होतं, बाजूला बारक्याची मोटरसायकल होती आणि तो नव्हता. चहाला गेला असेल म्हणून काकांनी दीड तास वाट बघितली. शोधाशोध सुरू झाली तेव्हा दुपार होऊन गेली होती. चेंबरच्या तळाशी पाणी जोरात वाहत होतं. साहेबांनी माझा कागद मागवला. रंग आला नाही, म्हणजे ही लाइन आपल्याकडे येत नाही, म्हणजे नदीला जाते, म्हणजे तो पडला असेल तर नदीत. आठ दिवस नदी धुंडाळली. काही मिळालं नाही. पुढे ती लाइन वरच्या टोकाला भिंत घालून बंद केली.

आईने मात्र माझ्या कागदाचा वेगळाच अर्थ लावला.

"तू स्वतः बसली होतीस ना तिथे?"

"हो."

"मग तू म्हणतेस तर रंग आलाच नाही. म्हणजे त्याने ओतलाच नाही. तो खाली उतरलाच नसेल गं. कुठेतरी निघून गेलाय. डोक्यात राख घालून जायचा की नाही लहानपणी? येईल."

तीन वर्षं ती दर रविवारी त्याचा टॉवेल धुऊन दोरीवर वाळत घालत होती. तो टॉवेल माझ्या सहीवर लटकत होता. मी रोज त्याच्याखालून वाकून जायची आणि आज सांगू म्हणायची. धीर झाला नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी नमुना घ्यायला जाळीपाशी गेले. अकरा छत्तीस झाले होते. जाळीच्या डाव्या कडेने एक हिरवट धागा आत आला. बघता बघता रुंद झाला आणि सगळं पाणी झगझगीत हिरवं झालं. कुणीतरी गाडीच्या रेडिएटरचं पाणी ओतलं असेल असं मी मनाशी म्हटलं आणि बाटली भरली. अकरा सत्तावन्नला पाणी राखाडी झालं.

लॅबमध्ये तपासलं. आमचाच रंग होता. शहरात तो आमच्याशिवाय कुणी घेत नाही. कोठीतल्या बाटल्या मोजल्या, सगळ्या जागेवर, सगळ्यांना सील. त्या दिवशी कुणी लाइन तपासायला गेलं नव्हतं.

बुधवारी पुन्हा अकरा छत्तीस ते अकरा सत्तावन्न. गुरुवारीही. मी उठले होते अकरा पस्तीसला आणि परत आले होते अकरा अठ्ठावन्नला. हे दोन आकडे जगात फक्त मला माहीत होते.

शुक्रवारी रंग शुद्ध केलेल्या पाण्यात उतरला. कोळशाच्या गाळण्यांतून तो पार होऊ शकत नाही, त्या गाळण्या मीच निवडलेल्या आहेत. साहेबांनी बाहेरचा पुरवठा बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घोळ घातला होता. पंपवाल्यांनी, जाळीवाल्यांनी, सगळ्यांनी तो हिरवा डोळ्यांनी बघितला. अकरा वाजून गेले की लोक माझ्या आसपास थांबायचं टाळू लागले.

सोमवारी कँटीनवाल्या मावशींनी हाक मारली. "मॅडम, शेगडीला काय झालंय बघा हो."

ज्योत हिरवी होती. वर चहा उकळत होता. रंग गाळातून गॅसमध्ये जात नाही, गेला तरी असा जळत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. एकवीस मिनिटांनी ज्योत निळी झाली. मावशी म्हणाल्या, "झालं बाई नीट."

मी शेगडी बंद केली.

मी तशीच काकांकडे गेले. ते पाइपच्या ढिगावर बसून डबा खात होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"किती वेळ उठली होतीस?"

"तेवीस मिनिटं."

काकांनी डबा बंद केला. बराच वेळ ते झाकणाची कडी लावत राहिले.

"मी दीड तास बसलो होतो पोरी, त्या चेंबरच्या तोंडाशी. चहा पिऊन येईल म्हणून." मग म्हणाले, "लाइन आपल्याकडे येत असेल तर मध्ये एक वळण आहे. तिथे गाळाचा खड्डा असतो. तिकडे कुणी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी वळणावरची फरशी फोडली.

तो तिथे होता.

फार सांगणार नाही. हेल्मेटवर मी माझ्या नेलपॉलिशने काढून दिलेला आकडा तसाच होता. एक पाय मोडला होता. पण तो पाण्यात नव्हता. खड्ड्याच्या कडेला, वरच्या कोरड्या कट्ट्यावर, भिंतीला पाठ टेकून होता. तोंड आमच्या जाळीच्या बाजूला होतं.

बसलेला होता.

खांद्याच्या पिशवीत रंगाची बाटली होती. गळ्यापर्यंत भरलेली. सील शाबूत.

त्याने रंग ओतलाच नव्हता. ओतायच्या आधीच पाय घसरला असणार. म्हणजे मी जागची हलले नसते तरी पाणी राखाडीच दिसलं असतं. कागदावरचं वाक्य खरं होतं. काकांनी मला हे तीन-तीनदा समजावलं आणि मी मान डोलावली. पण त्या दुपारी मी नुसतं एवढं म्हटलं असतं, की मी मध्ये उठले होते, माझ्या कागदावर जाऊ नका, तर कुणीतरी वळणाकडे गेलं असतं. तो तिथे किती वेळ बसला होता हे मला मोजता येत नाही.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"फोटो काढायला गेली होतीस?"

"हो."

ती उठली, दोरीवरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. त्याला निरोप देऊन आलो तेव्हाही ती माझ्याशी बोलली नाही. नंतरचे नऊ दिवस नाही. ताट वाढून ठेवायची आणि आतल्या खोलीत जायची. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुद्ध पाण्यातला आणि शेगडीचा रंग तो सापडला त्या दिवसापासून थांबला. जाळीपाशी मात्र तो येतोच. अकरा छत्तीसला. मी आता सव्वाअकरालाच स्टूल घेऊन बसते. साहेबांनी एकदा बोलवायला माणूस पाठवला, तो लांबूनच बघून परत गेला.

बारक्याच्या वस्तू घरच्यांना म्हणून मला मिळाल्या. ती बाटली मी लॅबच्या फळीवर ठेवली. दोन दिवसांनी पाहिलं तर आतला तांबडा रंग गळ्याच्या खाली आला होता. सील तसंच. मी काचेवर पेनने खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेच्या खाली. मग रोज एक खूण. मला त्या खुणांचा आधार वाटू लागला. हा संपेल त्या दिवशी तो ओतून मोकळा होईल, आणि मलाही उठता येईल.

काल बाटलीत बोटभर उरला होता.

काल सव्वाअकराला आई आली. प्रकल्पात ती याआधी कधी आली नव्हती. काकांनी तिला जाळीपर्यंत आणून सोडलं आणि ते मागे फिरले. तिच्या हातात डबा होता. दहा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"जा, खाऊन घे दोन घास. मी बसते."

"आई, इथे बसलं की उठायचं नसतं."

"मग सरक."

मी सरकले. स्टूल अरुंद होतं, तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. मी तिला बाटलीबद्दल सांगितलं, बोटभरच उरलाय म्हणून. तिने डबा खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं आणि ती पाण्यावर जराशी वाकली, लांबच्या माणसाला हाक मारताना वाकतात तशी.

"बसलोय रे दोघी," ती म्हणाली. "ओत. सावकाश ओत, आम्हाला कसली घाई नाही."

अकरा छत्तीसला डाव्या कडेने हिरवा आला.

आम्ही तो विरेपर्यंत बसलो. मग मी तिला लॅबमध्ये घेऊन गेले, बाटली दाखवायला. काचेवर माझ्या नऊ खुणा होत्या, एकाखाली एक. सील जागेवर होतं.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.